बंबाची नवी नळी

हिंमतराव तांबटांनी बंब अंगणात आडवा केला आणि त्याच्या पोटातली जुनी नळी ओढून काढली, तेव्हा घरातलं एकूण एक माणूस हातातलं काम टाकून बाहेर आलं होतं. उद्या घरच्या म्हातारीचं, इरम्माचं, वर्षाचं पुण्यस्मरण. जंगम स्वामींकडं निरोप जायचा होता, डाळ भिजायची होती, पाहुण्यांच्या गाद्या उन्हात पडायच्या होत्या, आणि ही सगळी मंडळी एका तांब्याच्या भांड्याभोवती उभी. घरातलं काही मोडलं की ते आतून कसं दिसतं हे बघायची माणसाला भारी हौस असते.

नळी काळीठिक्कर पडली होती आणि मधोमध आत चेपली होती. खालची बिडाची जाळी तर केव्हाच झिजलेली. तिचे दात गळून राखेत गेले होते आणि उरलेले हात लावला तरी पापुद्रे सोडत होते.

"जाळीचं काय न्हाय, ती आज ना उद्या जानारच व्हती," हिंमतराव म्हणाले. "पर नळीच्या जोडाचा डाख वितळलाय. पानी न घालता जाळ केला की हे असं व्हतं."

यात त्यांनी नवीन काही सांगितलं नाही. जाळ कुणी केला तेही सगळ्यांना ठाऊक होतं. थोरल्या सुनेनं, जगदेवीनं, ते आपण होऊन कबूल केलं होतं. पुण्याला धाकट्या दिराला आणि अक्कलकोटला नणंदेला फोनवर तिनंच सांगितलं होतं, की पाणी भरायचं राहिलं आणि मी बंब पेटवला म्हणून.

बाजेवर बसलेले अप्पा, म्हणजे तिचे सासरे शिवलिंगप्पा, त्या चेपलेल्या नळीकडं बघत होते. "इरम्मानं जलमभर ह्यो बंब भरला," ते म्हणाले. "तापात असली तरी भरला. कदी एक डाव चुकली न्हाय. अन् तिला जाऊन वरीस व्हायच्या आत हिनं त्याचं पोट जाळलं."

जगदेवी पदर सावरत उभी होती. तिनं मान खाली घातली. तिचा नवरा विरुपाक्ष तिच्या मागंच होता. त्यानं घसा खाकरला आणि गाद्या उचलायला निघून गेला.

अणदुरात आता बऱ्याच घरांच्या गच्चीवर काचेच्या नळ्यांचे सौर बंब बसलेत. या घरात मात्र तुराट्या आणि बाभळीच्या ढलप्यांवर तापलेल्या पाण्यानं आंघोळ केल्याशिवाय अप्पा लिंगपूजेला बसत नसत. पाणीही ताजंच लागायचं. संध्याकाळी तोटी सोडून उरलेलं पाणी बेलाच्या झाडाला घालायचं, बंब चिंचेनं घासायचा आणि नव्यानं भरून ठेवायचा, हे काम इरम्माचं. पहाटे उठून तो पेटवायचं काम अप्पांचं. लग्न झाल्यापासून दोघांनी एकमेकांच्या कामात कधी हात घातला नव्हता. पहाटे अप्पांनी वाकून बघितलंसुद्धा नाही कधी, की भरलाय का. इरम्मानं भरलेला असायचाच.

ती गेल्यावर जगदेवी म्हणाली होती, मी भरून ठेवत जाईन. अप्पांनी साफ नाकारलं. "तू संध्याकाळी रिकामा करून घासून ठिव. भरीन बी म्याच अन् पेटवीन बी म्याच." बायकोचं काम सुनेच्या हाती जाऊ द्यायचं नव्हतं, असंच सगळ्यांना वाटलं. त्यात वावगंही काही नव्हतं.

हिंमतरावांनी नवी नळी बसवली, डाख भरला, आत नवी जाळी ठेवली. पाणी ओतून कुठं पाझरतंय का ते बघितलं. मग तोटी सोडून सगळं पाणी काढून टाकलं.

"रिकामा ठेवलाय बरं का अप्पा," ते सामान आवरताना म्हणाले. "पहाटे पहिलं पानी तुमच्याच हातानं पडू द्या."

"दुसरं कोन घालनार?" अप्पा म्हणाले.

*

स्वयंपाकघरात अक्कलकोटची नणंद महेश्वरी पुरणाची डाळ निवडत बसली होती. माहेरी आली की तिला कामाचा उत्साह येई आणि बोलण्याचाही.

"वैनी, राग मानू नका. पर तुमी कधी पेटवाय गेला बंब? ते तर अप्पाचं काम."

"त्या दिवशी त्यांचा डोळा लागला व्हता."

"अन् पानी बघितलं न्हाय?"

"न्हाय बघितलं."

"अव्वा असती तर..." महेश्वरीनं वाक्य अर्धंच सोडलं. अर्ध्या वाक्यानं जास्त लागतं, हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

जगदेवी परातीत पीठ काढत राहिली. खरं सांगायला तिच्या तोंडात चार शब्द होते. ते तिनं गिळले.

खरं असं होतं. त्या पहाटे करपल्याच्या वासानं तिला जाग आली. ती अंगणात आली तर अप्पा बंबापुढं उकिडवे बसून तुराट्या सारत होते आणि स्वयंपाकघराच्या दाराकडं तोंड करून बोलत होते. "इरम्मा, भरलाय न्हवं गं? आज पान्याचा आवाज कसा येईना?" नळी लाल झाली होती. जाळीवर थेंब थेंब काहीतरी पडत होतं. जगदेवीनं धावत जाऊन जाळावर बादली ओतली. धूर, वाफ, राख सगळीकडं. अप्पा दचकून उठले आणि तिच्याकडं बघत म्हणाले, "कोन पेटवला ह्यो कोरडा?"

त्यांना खरंच आठवत नव्हतं. त्यांच्या हातात काडेपेटी तशीच होती. काही ठरवायच्या आधीच जगदेवी बोलून गेली, "म्या पेटवला अप्पा. चुकलं माझं."

मागं दारात विरुपाक्ष उभा होता. त्यानं सगळं पाहिलं होतं. नवराबायकोनं त्यावर एकमेकांशी अक्षर काढलं नाही. काढायची गरजच नव्हती. उन्हाळ्यात अप्पा तुळजापूरला जातो म्हणून निघाले, नळदुर्गला उतरले आणि दिवस मावळेपर्यंत तिथल्या स्टँडवर बसून राहिले, तेव्हाच धाकट्या शिवानंदनं पुण्याहून फोनवर बजावलं होतं, "आता आणखी एक काही झालं, की अप्पांना मी पुण्याला घेऊन येणार. मग कुणाचं ऐकणार नाही."

शिवानंद वाईट नव्हता. बाप नवव्या मजल्यावर सुखात राहील असं त्याला मनापासून वाटत होतं. जगदेवीला तसं वाटत नव्हतं. या घरात नवी नवरी म्हणून आली त्याच्या दुसऱ्या पहाटे ती सगळ्यांच्या आधी उठून थंड पाण्यानं आंघोळ करायला निघाली होती. अप्पांनी बंबापुढून हाक मारली होती, "थांब पोरी. जी आधी चुलीम्होरं बसनार, पहिलं ऊन पानी तिचं." तेव्हापासून पहिली बादली तिची. पोरं झाली, मोठी झाली, शिकायला बाहेर गेली, पण कोण पाहुणा आला तरी त्या बादलीला कुणी हात लावला नाही. पहाटे उठायला काही कारण नसेल तर हा माणूस उठायचाच बंद होईल, असं तिला वाटे. भ्यायली होती ती, दुसरं काही नाही.

*

दिवेलागणीला सोप्यात सगळे बसले. शिवानंदनं विषय काढला. त्यानं तो गाडीतच जुळवून आणला होता.

"उद्याचं पार पडलं की परवा अप्पांना घेऊन जातो. चार-सहा महिने राहू देत. आवडलं नाही तर परत आणून सोडीन."

"कशापायी?" विरुपाक्ष म्हणाला. "अप्पाला हितं काय कमी हाय?"

"अण्णा, कमी-जास्तीचं नाही. उन्हाळ्यात नळदुर्गचं झालं. आता हा बंब. घरात कोरडा जाळ होतो आणि कुणाचं लक्ष नाही."

"पर बंब काय अप्पानं जाळला न्हाय." हे महेश्वरी बोलली. ती आता भावाच्या बाजूनं आहे की वहिनीच्या, ते तिलाही ठाऊक नसावं. "वैनीनं जाळला."

"तेच म्हणतोय मी." शिवानंद जरा पुढं सरकला, आवाज मऊ केला. "वैनी, तुम्ही किती राबता ते मला दिसतं. पण तुमच्याही हातून आता विसरायला होतंय. मग अप्पांकडं बघणार कोण? उद्या चुलीवर काही राहिलं, गॅस चालू राहिला, तर?"

जगदेवी खांबाला टेकून बसली होती. तिनं नवऱ्याकडं बघितलं. विरुपाक्ष जमिनीकडं बघत होता. तिच्या लक्षात आलं, की आपण ज्या खोट्यानं म्हाताऱ्याला या घरात धरून ठेवलं, तेच खोटं आता त्याला घराबाहेर काढतंय. खरं सांगावं तरी अप्पा जाणार, न सांगावं तरी जाणार. तिला रडू आलं नाही, संताप आला, आणि तो कुणावर काढावा हेही कळेना.

"मी बघीन त्यांच्याकडं," ती म्हणाली. "आता न्हाय चुकनार."

"तसं त्या दिवशीबी चुकायचं न्हवतं तुमाला," महेश्वरी म्हणाली.

"महेश्वरी, गप बस," विरुपाक्ष उभा राहून ओरडला. तो कधी ओरडत नसे. आता तो पुढं बोलेल म्हणून जगदेवीनं मान वर केली. विरुपाक्षच्या ओठावर शब्द आला होता. त्यानं बापाकडं बघितलं. अप्पा भिंतीला टेकून, गळ्यातल्या लिंगाच्या दोऱ्याशी चाळा करत, लहान मुलासारखे एकेकाच्या तोंडाकडं बघत होते. विरुपाक्ष खाली बसला.

"म्या कुठं जानार न्हाय," अप्पा म्हणाले.

"अप्पा, तिथं काही त्रास नाही," शिवानंद म्हणाला. "पहाटे उठायला नको, लाकडं फोडायला नकोत. बटण दाबलं की गरम पाणी. काडेपेटीसुद्धा लागत नाही घरात."

"काडेपेटी लागत न्हाय?"

"नाही ना. देवापुढचा दिवासुद्धा विजेचा."

अप्पांनी बंडीचा खिसा चाचपला. मग त्यांचा सगळा राग जगदेवीकडं वळला. "हे सगळं तुझ्यामुळं. पेटवायचं काम सांगितलं न्हवतं तुला, तरी तू हात घातला. आता बग, तुझ्यापायी मला माझ्या घरातनं काढाय लागलेत."

महेश्वरीनंसुद्धा चटकन म्हटलं, "अप्पा, असं नका बोलू." तिला ते लागलं. वहिनीला टोचावं, पण बापानं तिला इतकं बोलावं हे तिला बघवलं नाही.

जगदेवी उठली. "ताटं करते," म्हणाली आणि आत गेली. पाठोपाठ विरुपाक्ष आत आला.

"मी सांगतो त्यांना," तो कुजबुजला. "बास झालं आता. तू किती ऐकून घेनार?"

"काय सांगनार? की तुमाला अव्वा गेल्याचं ध्यानात राहत न्हाय म्हनून? सगळ्या लेकरांसमोर? अन् उद्या तिचं वर्ष हाय म्हनताना?"

"मग?"

"मग काय न्हाय. जायचे असतील तर जातील. पर ह्या घरातनं जाताना मान वर करून जाऊ द्या त्यांना."

विरुपाक्ष तिथंच उभा राहिला. बायकोच्या तोंडाकडं बघायचं धाडस त्याला झालं नाही. सगळी हयात त्यानं अशीच काढली होती, दोन माणसांच्या मधे उभं राहून आणि दोघांनाही उपयोगी न पडता.

जेवणं उरकली. महेश्वरीनं भांडी घासायला घेतली. जगदेवी घागर घेऊन अंगणात आली. पहाटे सगळं घर जागं असणार, शिवानंद दारात उभा असणार. अशात अप्पांनी पुन्हा कोरडाच जाळ केला तर? ती हौदावरून घागरी आणून बंबात ओतू लागली. तोंडापर्यंत भरला. पदरानं बंबाचं तोंड पुसलं, झाकण घातलं आणि कुणी बघितलं नाही ना, म्हणून मागं वळून पाहिलं.

*

अप्पांना अंधारातच जाग आली. झोपताना त्यांनी बाजेच्या उशाशी रिकामी घागर ठेवली होती. ती कशाला ठेवली ते उठल्याबरोबर आठवेना, मग आठवलं, आणि त्यांना बरं वाटलं. इरम्माला जाऊन आज वर्ष झालं. ती नाही. बंब रिकामा आहे. भरायचा आहे. हे सगळं त्यांनी एकदा मनाशी घोकलं आणि घागर उचलून हौदावर गेले.

पाणी गार होतं. घागर जड लागली. बंबापाशी येऊन त्यांनी झाकण काढलं आणि घागर तिरपी केली. पाणी आत जाईना. बंबाच्या तोंडावरून ते सगळं बाहेर आलं, खाली ओघळलं आणि त्यांच्या पावलांवर पडलं.

अप्पांनी घागर खाली ठेवली. वाकून बंबात हात घातला. मनगटापर्यंत पाणी.

त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. "भरून ठेवलाय व्हय?" ते दाराकडं बघून म्हणाले. "इरम्मा, म्या भरतो म्हनलं न्हवतं का गं?"

आणि आपलाच आवाज त्यांच्या कानावर पडला.

दाराकडं तोंड करून हेच आपण एकदा विचारलंय. तेव्हा हातात तुराट्या होत्या. करपल्याचा वास होता. मग एकदम वाफ, आणि वाफेपलीकडं जगदेवी, रिकामी बादली घेऊन, पांढरी पडलेली. तिनं काय म्हटलं होतं? चुकलं माझं, म्हणाली होती.

अप्पा बंबाच्या कडेला खाली बसले. ओल्या फरशीचा गारवा धोतरातून वर आला, तरी उठले नाहीत. इरम्माला माती देताना जे झालं नव्हतं ते आता झालं. ती गेली, हे त्यांना आता समजलं, आणि त्यापाठोपाठ आपणही थोडे थोडे निघालोय, तेही समजलं. त्यांना फार भीती वाटली.

"अप्पा." जगदेवी दारात होती. केव्हापासून होती कोण जाणे. "उठा, फरशी गार हाय."

"त्या दिशी बंब तू पेटवला न्हवता."

तिनं त्यांच्याजवळची घागर उचलून बाजूला ठेवली.

"म्या पेटवला व्हता. अन् काल सगळ्यांम्होरं तुलाच बोललो."

"बोललात तर काय झालं? बाप बोलत न्हाय का?"

"असं आनिक कितींदा झालं?"

"न्हाय झालं."

"जगदेवी, खरं सांग."

ती त्यांच्यापुढं उकिडवी बसली. "कधी कधी दुपारी अव्वांना हाका मारता," ती म्हणाली. "म्या व्हय म्हनते. मग तुमी झोपता."

अप्पांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "शिवानंदला उठिव."

"कशाला अप्पा? राहू द्या. आज नका."

"उठिव म्हनलं ना."

शिवानंद डोळे चोळत आला, त्याच्या मागं महेश्वरी आणि विरुपाक्ष. अप्पा उठून उभे राहिले होते. भिंतीला हात लावून का होईना, सरळ उभे होते. त्यांनी सगळं सांगितलं. शब्द इकडचे तिकडं झाले, मधेच एकदा जगदेवीचं नाव घेताना इरम्माचं घेतलं, पण काही लपवलं नाही. महेश्वरीनं तोंडाला पदर लावला. शिवानंद वहिनीकडं बघायला गेला, पण त्याची नजर तिच्या पायापर्यंतच पोचली.

"ठरल्यापरमानं उद्याच निगू," अप्पा त्याला म्हणाले. "बॅग कुठं हाय ते मला ठाव न्हाय. वैनीला इचार."

"अप्पा, आपण बोलू यावर," शिवानंद म्हणाला. "घाई काय आहे?" काल याच गोष्टीसाठी तो भांडत होता. आज त्याला ते नको होतं, आणि तसं म्हणायला तोंड राहिलं नव्हतं.

"बोलायचं काय? आता मला ठाव हाय तंवर जातो. नंतर ठाव राहील न राहील."

मग त्यांनी बंब पेटवला. नव्या जाळीवर आधी तुराट्या रचल्या, त्यावर ढलप्या. पहिल्याच काडीत जाळ धरला. सगळे तिथंच उभे राहिले. उजाडता उजाडता बंबातून पाण्याचा आवाज यायला लागला, तोच जुना, खालून वर येणारा. अप्पा कान देऊन ऐकत होते.

पाणी तापलं तशी विरुपाक्षनं बादली आणून तोटीखाली लावली. "अप्पा, आज पहिली तुमी घ्या," तो म्हणाला.

"पहिली जगदेवीची," अप्पा म्हणाले. "चुलीम्होरं ती बसनार हाय."

जगदेवीनं बादली उचलली. पाण्याला धुराचा वास होता आणि नव्या डाखाचाही. ती दोन पावलं गेली, तेवढ्यात अप्पांनी हाक मारली. त्यांनी बंडीच्या खिशातून काडेपेटी काढली, वाजवून बघितली आणि तिच्या रिकाम्या हातात ठेवली.

"राहू दे तुझ्यापाशी," ते म्हणाले. "पुन्याला लागत न्हाय म्हनं."